अंगणासकट घर

“काकू, जरा पुढे सरका, नुसता पदर दिसतोय तुमचा,” फोनमधून ललित म्हणाला.

कुसाबाई सरकली. रविराजने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्या एवढ्याशा काचेत इटली होती. दक्षिणेकडचं डोंगरातलं गाव, कौलारू दुमजली घर, आणि बघताक्षणी कुसाबाईचा जीव जडला ते फरसबंदी अंगण. मधोमध लिंबोणीचं झाड.

पिंपळगावचं त्यांचं घर हायवेच्या रुंदीकरणात गेलं. पाठोपाठ रविराजचे वडील गेले, आणि त्याची आई कुसाबाई नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर येऊन कोंडली. रविराज आणि त्याची बायको स्नेहल दिवसभर कामावर. “मला अंगणात ने रे बाबा,” एवढंच ती म्हणायची, आणि रविराज जागा बघायला निघायचा. त्यानं काय कमी पायपीट केली? आडगाव झालं, मखमलाबाद झालं. भाव ऐकून पुढ्यातला चहा तसाच टाकून उठला. गंगापूर रोडचं तर नावच काढायला नको. आणि हे अख्खं घर, अंगणासकट, सातपूरच्या एका खोलीच्या भावात! शिवाय रविराज द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये मुरलेला माणूस. तिथल्या बागांत काम मिळेल, असंही ललित म्हणत होता.

ललित देवळाली कॅम्पचा, रविराजचा शाळेतला दोस्त. आता तिकडे इटलीत घरांची दलाली करायचा. “घर बायकांनी बघावं. काकूंना बसवच,” हा आग्रह त्याचाच. परदेशात राहूनही पठ्ठ्या रीत विसरला नाही, याचं रविराजला कौतुक वाटलं होतं.

“आणि हे स्वयंपाकघर,” ललित म्हणाला.

चुलीपाशी खुर्चीवर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. हात मांडीवर, मान खाली. चुलीवर धूळ साचली होती, कप पालथे घातलेले होते, आणि जमिनीवर उमटत होते ते ललितच्याच बुटांचे ठसे.

“या कोण रे?” रविराजने विचारलं.

“कार्मेला. घर तिचंच.” ललितने आवाज उतरवला. “मागे कुणी नाही. जागा सोडायला तयार नाही. म्हणून तर भाव पडलाय.”

हा हिशोब रविराजला नवा नव्हता. रविवार कारंज्याकडे जुन्या भाडेकरूसकट जागा अशाच मातीमोल जातात. म्हातारीची काहीतरी सोय लावली की झालं, तो मनाशी म्हणाला.

कुसाबाईचं लक्ष भलतीकडेच. “एकटीच हाय का ती? जेवली का, इचार ना.”

“तुम्हीच बोला, काकू,” ललित म्हणाला.

बोलायला कुसाबाईला सांगावं लागतंय होय! भाजीवाली असो, कुरिअरवाला असो, चुकून लागलेला फोन असो, तिचं आमंत्रण ठरलेलं. आणि तिला कुणी बोलावलं तर नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं. मालेगाव म्हणा, सटाणा म्हणा, शब्द दिला की इस्त्रीचं लुगडं नेसून बाई निघालीच.

“कमळाबाई,” ती फोनकडे वाकली, “एकट्या काय बसल्यात? या ना आमच्याकडं, नाशिकला. चार दिस ऱ्हावा, बाजरीची भाकर खावा.”

“नाव नीट घ्या, काकू. कार्मेला म्हणा. आणि पत्ता सांगा.” ललित हसत नव्हता.

कुसाबाईने नाव घेतलं. बोगद्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळा पत्ता सांगितला. “दाराला हिरवं तोरण हाय बगा.”

म्हातारीने पहिल्यांदाच मान वर केली. ललितने तिच्या भाषेत एक शब्दही सांगितला नव्हता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यानं घाईघाईने फोन ठेवला.

त्या आठवड्यात आई पार बदलली. कामावर तिचे फोन येईनात. संध्याकाळी घरी यावं तर चेहरा फुललेला, ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले.

“खालच्या भागीबाई येत असतील,” स्नेहल म्हणाली. “बरं झालं बाई, सोबत मिळाली.”

हॉलमधली खुर्चीही स्वयंपाकघरात गेली होती.

“पाय दुखतात का गं?” रविराजने विचारलं.

“मला कशाला लागती? आल्यागेल्याला,” कुसाबाई म्हणाली.

घरात कुठूनसा लिंबोणीच्या पानांचा वास यायचा. घराच्या आशेनं आई सावरली, असं रविराजला वाटलं, आणि त्याचं ठरलं. घ्यायचंच. शनिवारी दुपारी कामावरून आल्याआल्या पार्किंगमधूनच त्यानं ललितला फोन लावला.

“घर गेलं रे, रवी,” ललित म्हणाला. “तिप्पट भाव आला.”

रविराजने गाडीची किल्ली सीटवर आपटली. “अरे, मला शब्द दिला होतास! आणि ती म्हातारी? ती तर हलत नव्हती ना?”

“हलली. आपण बोललो त्याच दिवशी.” ललित म्हणाला. “काकूंना नमस्कार सांग माझा. इथं रे कुणी कुणाला असं तोंडभरून घरी बोलवत नाही.”

“म्हणजे? कुठे गेली ती?”

“रवी, तिला वारून कितीतरी वर्षं झाली.”

फोन बंद झाला. रविराज लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धावत सुटला. चौथ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं आणि लिंबोणीचा वास जिन्यापर्यंत आला होता. कुसाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवी भरून, दारात चपला घालत होती.

“आई, कुठे निघालीस?” त्याला धाप लागली होती.

“कमळाबाई म्हनती, माजा लय पाहुनचार झाला, आता तुमी चला आमच्याकडं, अंगनात बसू.” कुसाबाईने रिकाम्या जिन्याकडे बघून कुणाला तरी थांबायची खूण केली. मग लेकाच्या गालावरून हात फिरवला. तो हात बर्फागत गार होता. “तुज्याच्यानं न्हाई जमलं, तर जिवाला नको लावून घेऊ, रवी. मी हो म्हनून बसले.”