फेरतपासणी

“पण हेक्झेन आलं कुठून, काका?” तपासनीस बाईने पुन्हा विचारलं.

तेलवाले काका चहा गाळत होते. “आलं असेल कुठूनतरी. आधी चहा घ्या, मॅडम.”

ज्याचं तेल नापास झालंय तो माणूस एवढा खुशीत कसा, हे तिला कळेना. काका हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, बियांचं तेल काढायचे. नाव ऐकून लोक डोळे मिचकावत, पण त्या तेलाने कुणाला झिंग चढल्याचं ऐकिवात नव्हतं. बिया यंत्रात दाबायच्या, तेल गाळायचं, बाटल्या भरायच्या. मोठे कारखाने बियांतून तेल ओढून काढायला हेक्झेन हे रसायन वापरतात. ते तेलात राहिलं तर खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. काकांकडे त्याचं कामच नव्हतं.

मागे एकदाच घोळ झाला होता. यंत्राचं वंगण पुसायला काका जो द्रव वापरायचे त्यात हेक्झेन होतं, तेच तेलात उतरलं. तेव्हा ती इथे आली, अख्खी दुपार थांबली, यंत्र गरम पाण्याने कसं धुवायचं ते बाह्या सरसावून दाखवलं. मग काकांनी तिला बियांची पोती दाखवली, बायकोचा फोटो दाखवला, तीन वेळा चहा पाजला. त्यानंतरचा प्रत्येक नमुना स्वच्छ निघाला. आणि आता हे! फेरतपासणीतही हेक्झेन सापडलं तर परवाना रद्द होणार होता. त्या कागदावर सही तिचीच असणार होती.

तिने पिंपातलं तेल बाटल्यांत घेतलं, झाकणांवर सील लावलं. हात पुसताना तिची नजर फळीवर गेली. वंगण पुसायच्या द्रवाचा जुना डबा अजून तिथेच होता. डब्यावर बोटभर धूळ, झाकण मात्र लख्ख.

“काका, यंत्र अजून ह्यानेच पुसता ना?” तिने विचारलं. खरं तर तिने त्यांना ‘चुकून झालं’ म्हणून सुटायला वाटच करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

“छे! गरम पाण्यानेच धुतो, तुम्ही शिकवलं तसं.” काकांनी कप तिच्यापुढे सरकवला. “तुमच्याकडे पाठवली ना, त्या एका बाटलीत ह्याचे चार थेंब मीच टाकले. पिंपाला हात लावलेला नाही. विकायच्या तेलात असलं काही घालीन का मी?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वेड लागलंय का तुम्हाला? आयुष्यभराचं काम घालवून बसला असता! हे मला लिहावं लागेल, कळतंय का?”

“लिहा की.” काका समोरच्या खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “मुलगी फोनवर तब्येत विचारते आणि ठेवून देते. दिवसभर ह्या यंत्राशी काय बोलणार? तेल पास झालं की तुमच्याकडून कागद येतो, मॅडम. नापास झालं की तुम्ही येता.”

तिचा राग कुठल्या कुठे गेला. तीसुद्धा रोजचा डबा प्रयोगशाळेतल्या यंत्रासमोर बसून खायची. घरी कुलूप तीच उघडायची आणि तीच लावायची. तिने गार होत आलेला चहा संपवला आणि कप पुढे केला.

“अजून आहे?”

काका लगबगीने उठले. आज फेरतपासणीची पाळी दुसऱ्याच तपासनिसाची होती आणि ती आपण हातापाया पडून मागून घेतली, हे तिने त्यांना सांगितलं नाही.