दहा दिवस बोलायचं नाही

घरात माणसं तीन. त्यातल्या प्लंबरचं आणि त्याच्या वडिलांचं दोन वर्षं वाकडं होतं. एकमेकांना जे सांगायचं ते दोघंही प्लंबरच्या नऊ वर्षांच्या मुलीमार्फत सांगत, आणि घर बिनबोभाट चाललं होतं. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "दहा दिवस हिनं एक शब्दही बोलायचा नाही."

पहिल्याच दुपारी प्लंबर कामावरून आला, तर म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, "गावभर नळ दुरुस्त करत हिंडतोस आणि घरचा नळ चार दिवस गळतोय. लाज वाटत नाही?"

"तुम्ही दिवसभर घरीच असता ना? वायसर बदलायला काय झालं होतं? तोंड तेवढं बरं चालतं तुमचं!"

"तुझ्या घरात राहतो म्हणून तुझं ऐकून घेईन, या भ्रमात राहू नकोस."

प्लंबरनं हत्यारांची पिशवी जमिनीवर आपटली. "ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत 'गाडी हळू चालव', 'डबा वेळेवर खा' असे निरोप धाडत होतात. आज एकदम काय अंगात आलं?"

"मी? तुला? तुझ्याशी गोड बोलायला मला काय वेड लागलंय?"

मुलीनं मागून प्लंबरची बाही ओढली आणि वहीचं फाडलेलं पान त्याच्या हातात दिलं.

"बाबा, आजोबा म्हणतायत, उन्हातून आलास, आधी पाणी पी."