दोन्ही हात सारखे

लाइट गेली आणि पिशव्या डोलवणारं यंत्र जागच्या जागी थांबलं.

"माय, धर!" रेणुकानं दोन पिशव्या आईच्या हातांत दिल्या. "थांबलं तं मरते हे. दोन्ही हात सारखे हालव. मी जनरेटरचं पाहून येते."

तानाबाई पिंपळगाव राजाहून लेकीला भाकरी द्यायला आली, ती या प्रयोगशाळेत अशी अडकली. पिशव्यांत तिचंच रक्त होतं. म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट, सात दिवसांपूर्वी तिच्याच दंडातून काढलेल्या. एरवी त्या पाच दिवसांवर ठेवत नाहीत, आणि डेंगीच्या दिवसांत खेड्यातल्या माणसाला नेमक्या मिळत नाहीत. त्या जास्त दिवस जगाव्यात म्हणून डाव्या पिशवीत रेणुकानं नजरेला न दिसणारे पॉलिमरचे नॅनोकण घातले होते. उजवीत काहीच नाही. तीन वर्षं पोरगी त्या कणांमागं झिजली होती, आणि आज पहिला निकाल.

पाऊण तास गेला! मनगटं भरून आली, पाठीला रग लागली. पण सहा लेकरांचे पाळणे हलवलेली बाई ती, दमते कशाची.

रेणुका परतली ती घामाघूम. जनरेटर काही चालू झाला नव्हता. तिनं उजवी पिशवी खिडकीतल्या उन्हात धरली, हळूच कलती केली. जिवंत प्लेटलेट उजेडात चमचमतात; इथं आत नुसतं पेजेसारखं गढूळ.

"हे गेलं," म्हणत तिनं ती टेबलावर ठेवली.

मग डावी. ती कलली आणि, अगं बाई! जिनिंगमध्ये उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगतात, तशी चमचम आत लाटालाटांनी फिरू लागली.

"जितं हाय?" तानाबाईनं विचारलं.

"हाव माय. सातव्या दिवशी!"

तानाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या अंगातून निघालेलं, आपल्यावाचून सात दिवस जगलेलं! ती आ वासून बघत राहिली. मग नजर टेबलाकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"काऊन वं, त्याले मी कमी तं नाई हालवलं?"

रेणुका रडता रडता हसली. "नाई माय. तू दोघाईले सारखं हालवलं, म्हनून तं हा निकाल खरा."

तेवढ्यात लाइट आली. रेणुकानं डावी पिशवी यंत्रावर ठेवली आणि वळून पाहिलं. तानाबाईनं उजवी उचलून घेतली होती. हात हलतच होता.