परतीचा पुरावा

परदेशातल्या हॉस्पिटलात लेक पंधरा दिवस बेशुद्ध होती आणि टेलरबाईंना व्हिसा दोनदा नाकारला होता. तुम्ही परत याल कशावरून, म्हणे! भाचीने उत्तर घोकून घेतलं होतं. "मावशी, आत्ता मनात आलं तर ‘विल’, आधीच ठरवलंय तर ‘गोइंग टू’, तिकीट काढलंय तर ‘आय अ‍ॅम रिटर्निंग’." खिडकीमागच्या साहेबाने तोच प्रश्न विचारला आणि तिन्ही भविष्यकाळ घशात अडकले. बाईंनी पिशवीतून एका बाहीचा कोट काढून काचेला लावला. कॉलरला गिऱ्हाईकाची चिठ्ठी टाचलेली होती, तिच्यावर पुढच्या महिन्याची तारीख. "वेडिंग," त्या कशाबशा म्हणाल्या. अर्धवट कोटाकडे बघून साहेब हसला. शिक्का पडला. बाहेर आल्यावर भाचीने विचारलं, "कोणाचा गं हा?" बाईंनी रिकाम्या खांद्यावरून हात फिरवला. "तुझ्या काकांचा. ते गेल्यापासून कपाटातच होता. बाही सकाळीच उसवली मी."