निळ्या ठिपक्यांचा भुंगा

सत्यभामाबाईंनी वांग्यांची टोपली कीटक संग्रहालयाच्या उंबऱ्याशी ठेवली आणि थेट कोपऱ्यातल्या कपाटापुढे जाऊन उभ्या राहिल्या. जळगाव जामोदच्या बाजाराला आल्या, की इथे डोकावल्याशिवाय त्या सोनाळ्याची एसटी धरत नसत.

काचेआड निळ्या ठिपक्यांचा काळा भुंगा टाचणीला टोचलेला होता. सोनाळ्याच्या मोहाच्या बनातून त्यांनीच तो काड्यापेटीत घालून आणला होता. ठेकेदाराने झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या, त्याच आठवड्यात. असा भुंगा दुसरीकडे कुठे सापडत नाही, असं संग्रहालयाच्या भाऊराव सरांनी सरकारला कळवलं आणि कुऱ्हाडी थांबल्या. बनातला झरा वाहता राहिला. त्या झऱ्यावरच तर बाईंची वांगी होती.

"हे तुमच्या संशोधनाले मदत," त्यांनी टोपली दाखवली.

भाऊराव सर हसले. नव्या सरकारकडे त्यांनी पैसे मागून पाहिले होते. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा नामशेष होणाऱ्या जिवांचा अभ्यास वांग्यांवर चालला होता. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी निळ्या शिंगांची मातीची बैलजोडी ठेवली होती. तीही पोळ्याला बाईंकडूनच घेतलेली.

"सर, उद्या मुंबईचे मोठे साहेब येऊन राह्यले म्हणे?"

"हो, भुंगा बघायला. पटलं तर बन कायमचं राखतील. नाही पटलं, तर ठेकेदार टपलेलाच आहे."

बाईंचा जीव टांगणीला लागला. "काच उघडतीन काय ते?"

"बघू."

"मंग मले एकडाव हातात घिऊ द्या न त्याले. धूळ बसली असन. पुसून देते."

"धूळ नाही बसली."

"तरी बी... खिडकीतून ऊन येते त्याच्यावर." बाईंनी पदराने काच पुसली. "बन गेलं तं आम्ही काय करावं, सर?"

सरांनी उठून दार लोटलं, खिडकीही लावली.

"घाबरू नका, बाई. कपाटाची किल्ली उद्या हरवणार आहे. आणि शेणातल्या भुंग्यावर रंग टिकत नाही हो. डावीकडचा ठिपका पावसाळ्यातच उडाला होता, तो मी लावला. बैलांच्या शिंगांवरचा तुमचा निळा मात्र मला जमला नाही."