निळ्या रेषेच्या आत

निळ्या रंगाचा डबा. ताडपत्रीखाली विटांचा ढीग. भिंतींशिवाय उभी दाराची चौकट.

"काकू, ही पूररेषा," नगरपालिकेचा माणूस पडक्या जोत्यावर ब्रश ओढत म्हणाला. "रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. पुरात पडलेलं घरही पुन्हा उभारता येत नाही."

"बाहेर किती उरतं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तुळशीवृंदावनापुरतं."

त्यांनी मान हलवली, त्याला पाणी दिलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. रंग वाळेपर्यंत त्या नुसत्या बघत राहिल्या.

रस्त्याकडच्या घरातून धाकट्या जावेनं हाक मारली, "या हो अक्का, चहा टाकलाय. आमच्यापर्यंत ही रेषा पोचत नाही."

"येते," त्या म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

वाटणीत नदीकडची बाजू, वारा येतो म्हणून, द्वारकाबाईंनीच भांडून घेतली होती.