जुळ्यांचं वय

इचलकरंजीच्या युवा केंद्रातल्या यंत्रात मीनलने बोट घातलं. पडद्यावर एकवीस उमटलं. कारकून हसला. "झालं ताई, शिष्यवृत्ती मंजूर. इथे सही करा."

सही राहू देऊन मीनल मागे वळली. आता तेजलचा नंबर होता आणि मीनलचा जीव टांगणीला लागला होता. नव्या युवा धोरणात जन्मतारखेला किंमत नव्हती. पेशी सांगतील तेच वय, आणि तिशीपुढचा माणूस तरुण नाही. म्हणून तर आईने आठवडाभर तेजलला यंत्रमागावर पाठवलं नव्हतं. नाचणीचं सत्त्व पाजून नुसतं झोपवलं होतं. दोघींपैकी एकीनेच शिकायचं ठरलं, तेव्हापासून रात्रपाळी तेजलच्याच वाट्याला आली होती.

यंत्राने बराच वेळ घेतला. मग आकडा आला, एकोणचाळीस.

"काहीतरी चुकलंय," मीनल म्हणाली. "आम्ही जुळ्या बहिणी आहोत."

"यंत्र चुकत नाही, ताई." मग कारकून तेजलला अदबीने म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का? मुलं खोळंबलीत."

तेजल निमूट बाजूला झाली. मीनलही तिच्यामागे निघाली, तशी तेजलने तिला दंडाला धरून पुन्हा खिडकीकडे वळवलं.

"सही कर आधी," ती म्हणाली. "नाहीतर मी म्हातारी कशासाठी झाले?"